फुकटचं खातं

आयर्लंडच्या बँकेत नुसतं खातं ठेवायचं म्हणून दर महिन्याला फी पडते, हे कानावर आलं तेव्हा दत्तराव दाढी करत होते. एका गालाचा फेस तसाच ठेवून ते मोरीतून बाहेर आले आणि मुलीला म्हणाले, "काय म्हनलीस? आनखी एकदा म्हन."

धम्मशीलानं आणखी एकदा सांगितलं. खरं तर ती हे आईला, चांगुणाबाईंना सांगत होती, आणि हळू आवाजात सांगत होती.

दत्तराव येलदरी धरणाच्या वीजघरातून ऑपरेटर म्हणून रिटायर झाले होते. उभी नोकरी टर्बाइनच्या आवाजावर आवाज काढण्यात गेली. रिटायर झाल्यावर टर्बाइन तिकडं राहिली, आवाज परभणीला घरी आला. त्यात बँक हा शब्द निघाला की तो आणखी एक पट्टी वर चढायचा. मागं इथल्या एका बँकेनं शिल्लक कमी पडली म्हणून त्यांचे पैसे कापले होते. दत्तराव शाखेत जाऊन असे कडाडले की रांगेतली माणसं आपापली कामं विसरून ऐकत उभी राहिली. मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बसवलं, पंखा सुरू केला, चहा पाजला आणि कापलेले पैसे काही परत दिले नाहीत. हे त्यांच्या लक्षात आलं ते चहा संपवून घरी पोचल्यावर. त्यामुळं तो राग अजून ताजा होता.

"पैसे आपले. ठिवायचे आपुन. आन् वरून त्याचं भाडं बी आपुनच द्यायचं?" ते म्हणाले.

"लय थोडी हाय फी, बाबा."

"थोडी का जास्ती हा सवालच न्हाई. सवाल उसुलाचा हाय."

धम्मशीला परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स होती. आयर्लंडमधल्या एका हॉस्पिटलनं तिला नोकरी दिली होती, तिकीट निघालं होतं, आणि येण्याआधी तिथल्या बँकेत खातं उघडून त्याचा नंबर कळवा, म्हणजे पगार अडणार नाही, असं हॉस्पिटलनं सांगितलं होतं. तिनं ड्युटीच्या मधल्या सुट्टीत बसून तिथल्या बँकांची माहिती वाचून काढली होती. एक खातं फुकट होतं, पण कार्ड वापरलं की दर वेळेला पैसे कापणार होतं. दुसरं फुकट होतं, पण त्यात तिच्यासारखीला जमणार नाही एवढी रक्कम कायम पडून राहायला हवी होती. तिसरं पहिल्या वर्षी फुकट आणि पुढं बँकेची मर्जी. शेवटी तिनं थोडीशी ठरलेली फी घेणारं, पण घरी पैसे पाठवायला वेगळं काही न घेणारं खातं निवडलं आणि अर्ज भरून टाकला. एवढं सगळं तिनं वडिलांना समजावून सांगितलं. दत्तरावांनी ते शांतपणे ऐकलं, म्हणजे त्यांना ते पटलेलं नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी हा अन्याय नागनाथच्या कानावर घातला. नागनाथ वीजघरातलाच त्यांचा जुना जोडीदार. त्याचा पुतण्या परदेशात होता, त्यामुळं परदेशातलं त्याला सगळंच माहीत असायचं. तो म्हणाला की आता तिकडं फोनमधल्या बँका निघाल्यात. बिल्डिंग नाही, मॅनेजर नाही आणि फीसुद्धा नाही. दत्तरावांना हे एकदम पसंत पडलं. मॅनेजर नसलेली बँक ही कल्पना त्यांना आधीच सुचायला हवी होती, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी धम्मशीला ड्युटीवर गेली आणि दत्तराव फोन घेऊन पलंगावर बसले. मुलीच्या सगळ्या कागदांचे फोटो त्यांनी आपल्या फोनमध्ये काढून ठेवलेलेच होते. पासपोर्ट घातला. हॉस्पिटल जी खोली देणार होतं तिचा पत्ता घातला. ईमेल तिचा घातला. मोबाईल नंबर स्वतःचा घातला, कारण तिचं इथलं सिम बंदच होणार होतं. चांगुणाबाईंनी एकदा आतून विचारलं की पोरीला सांगून करताय ना. दत्तराव म्हणाले, चांगल्या कामाला कशाला विचारायचं.

मग फोननं चेहरा मागितला.

इथं दत्तरावांना काहीच वावगं वाटलं नाही. बालवाडीपासून नर्सिंग कॉलेजच्या हॉस्टेलपर्यंत धम्मशीलाच्या प्रत्येक अर्जावर पालक म्हणून सही त्यांचीच, फोटो त्यांचाच. त्यांनी सदरा नीट केला आणि फोन तोंडासमोर धरला. फोन म्हणाला, चष्मा काढा. त्यांनी चष्मा काढला. त्यानंतर फोननं जे काही लिहिलं ते त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईना, म्हणून त्यांनी चष्मा घातला. फोन म्हणाला, चष्मा काढा. असं बराच वेळ चाललं. शेवटी दत्तरावांनी चष्मा काढून गादीवर आपटला आणि त्या फोनच्या आईबापाचा उद्धार करायला तोंड उघडलं, नेमका त्या क्षणी फोटो निघाला.

चेहरा पासपोर्टशी जुळत नाही, असं उत्तर आलं. वय आणि मिशा बघता ते बरोबरच होतं. दत्तरावांनी पुन्हा प्रयत्न केला, या वेळी जास्त चिडून. तिसऱ्या वेळी अर्जच गोठला आणि पडदा लाल झाला. मॅनेजर नसलेल्या बँकेत ओरडायचं कोणावर हा प्रश्न त्यांना तेव्हा पहिल्यांदा पडला. ते चांगुणाबाईंवर ओरडले.

रात्रीच्या जेवणाआधीच धम्मशीलाच्या फोनवर मेल आला. तुमच्या नावानं, तुमचा पासपोर्ट वापरून एक वयस्कर पुरुष खातं उघडायचा प्रयत्न करत आहे, सावध राहा, असं त्यात होतं. चेहऱ्यावरून तो आक्रमक वाटतो, असंही पुढं होतं. तिनं ते दोनदा वाचलं आणि पानावर बसलेल्या वडिलांकडं बघितलं.

"बाबा, माज्या नावानं तुमी खातं काढायलते का?"

"काढायलतो. फुकट हाय. पर बेकार बँक हाय, तिचा नाद सोड."

तिनं नाद सोडला असता, पण बँकेनं सोडला नाही. त्या बँकेनं संशयाची खबर फोटोसकट बाकीच्या बँकांना कळवली. त्यामुळं जिथं धम्मशीलानं स्वतः अर्ज केला होता, त्या फीवाल्या बँकेनंही तिचा अर्ज थांबवला आणि कळवलं की आमची अधिकारी तुमच्याशी व्हिडिओवर समक्ष बोलेल, तोपर्यंत काही होणार नाही. तिकडून हॉस्पिटलनं विचारलं, खात्याचं काय झालं. ही फसवणुकीची भानगड मिटली नाही तर रुजू व्हायची तारीख पुढं जाऊ शकते, असंही त्यांनी सभ्य भाषेत लिहिलं. तारीख पुढं जाणं म्हणजे हातातलं तिकीट वाया, आणि कदाचित नोकरीही.

धम्मशीला लहानपणापासून न भांडणारी मुलगी होती. घरात भांडणाचं खातं वडिलांच्या नावावर असल्यामुळं तिला कधी त्याची गरज पडली नव्हती. त्या दिवशी पडली. तिनं वडिलांना सुनावलं की पगार माझा, फी मी भरणार, तुम्हाला त्याच्याशी काय करायचंय.

"आन् तुला शिकिवलं कुनी?" दत्तराव गरजले.

"तुमीच शिकिवलं. म्हनून तर म्या वाचून निवडलं. तुमी न वाचता मोडलं."

दत्तराव म्हणाले की ही बापाशी बोलायची रीत नाही. ती म्हणाली की लेकीचा पासपोर्ट चोरायची तरी कुठली रीत आहे. चोरायची हा शब्द ऐकून दत्तरावांनी जेवण सोडलं. धम्मशीलानंही सोडलं. चांगुणाबाई एकट्याच जेवल्या, कारण कोणीतरी जेवायला पाहिजे होतं.

बँकेचा फोन आला तो दुपारी. तिकडं तेव्हा सकाळ होती. धम्मशीलानं टेबलावर लॅपटॉप ठेवला आणि वडिलांना हात जोडून सांगितलं की बोलणं होईपर्यंत आत यायचं नाही. चांगुणाबाईंनी त्यांना व्हरांड्यात नेऊन खुर्चीवर बसवलं. खिडकी मात्र उघडी होती.

अधिकारी बाईचा आवाज मऊ होता. तिनं विचारलं, फोटोतले गृहस्थ कोण? धम्मशीला म्हणाली, माझे वडील. त्यांनी तुमची परवानगी घेतली होती? नाही. तुमची कागदपत्रं त्यांच्याकडं असतात? हो, फोटो आहेत. तुमच्या पैशाचे निर्णय ते घेतात? अतिदक्षता विभागात तिला एक सवय लागली होती, विचारलं तेवढंच सांगायचं आणि खरं तेच सांगायचं. ती म्हणाली, घ्यायला बघतात.

दत्तराव आत आले.

"आय ॲम फादर," लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात तोंड घालून ते म्हणाले. "माय डॉटर. माय फोटो. व्हाय यू टेक फी?"

बाईनं त्यांना उत्तर दिलं नाही. अशा प्रसंगाचं तिला शिक्षण दिलेलं असावं. तिनं आवाज आणखी खाली आणला आणि धम्मशीलाला सांगितलं की तुम्हाला मोठ्यानं बोलायची गरज नाही. तुमच्यावर घरातून प्रेशर असेल तर नुसती मान हलवा.

"कसलं प्रेशर?" दत्तराव ओरडले. प्रेशर हा शब्द त्यांनी जन्मभर फक्त धरणाच्या पाण्याबद्दल ऐकला होता. "व्हेअर इज प्रेशर? नो प्रेशर!" असं म्हणताना त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि लॅपटॉप उडाला.

धम्मशीलानं लॅपटॉप सरळ केला. वडिलांकडं बघितलं. त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती, मूठ अजून टेबलावरच होती. एका वाक्यात सगळं सावरता आलं असतं, माझे बाबा तापट आहेत पण मनाचे चांगले आहेत, हे ती आयुष्यभर लोकांना सांगत आली होती. या वेळी तिनं ते सांगितलं नाही. तिनं मान हलवली.

मग सगळं भराभर झालं. बाई म्हणाली की घरच्यांच्या दबावाखाली असलेल्या लोकांसाठी आमच्याकडं एक वेगळी सोय आहे. खातं तेच, पण त्याला फी नाही, जोवर तुम्ही ठेवाल तोवर नाही. खात्याची माहिती तुमच्याशिवाय कोणालाही मिळणार नाही. या गृहस्थांचं नाव आम्ही नोंदवून घेऊ, त्यांनी फोन केला, पत्र पाठवलं किंवा फोटो पाठवला तरी आमचं कोणी त्यांच्याशी बोलणार नाही. चालेल का? धम्मशीला म्हणाली, चालेल. बाईनं नाव विचारलं आणि धम्मशीला एकेक अक्षर सांगू लागली. डी, ए, टी...

"डबल टी," दत्तराव मागून म्हणाले. कुठल्याही कागदावर आपलं नाव चुकलेलं त्यांना खपत नसे.

लॅपटॉप मिटला तेव्हा चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी लेकीला विचारलं, "फुकट झालं का मंग?"

"झालं."

"मंग आता तोंड पाडून कामून बसलाव?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दत्तराव म्हणाले की माझं नाव गुंडासारखं लिहून घेतलं त्यांनी, परक्या मुलखात, आणि लेकीनं लिहू दिलं. धम्मशीलानं विचारलं की मी खोटं काय सांगितलं ते एक दाखवा. त्यांनी आठवून बघितलं. एकही उत्तर खोटं नव्हतं. त्यामुळं राग कुठं टेकवावा तेच त्यांना कळेना.

"तोंड माजं मागितलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुमी तुमचं दिलं."

हे ती ओरडून म्हणाली असती तर त्यांना उत्तर देता आलं असतं.

टपरीवर नागनाथनं विचारलं, फीचं काय झालं. दत्तरावांच्या तोंडून निघून गेलं की एक पैसा लागत नाही. झालं. नागनाथनं संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीत पसरवलं की दत्तरावांनी विलायती बँकेला व्हिडिओवर घेऊन असं झापलं, की तिनं फी माफ केली. पेडगावहून एक गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. त्यांचा मुलगा कॅनडाला चालला होता. त्यांनी पेढे आणले होते, आणि नेमकं काय बोललं म्हणजे फी माफ होते ते त्यांना पाहिजे होतं. दत्तरावांनी त्यांना पेढ्यांसकट परत पाठवलं. त्यावरून लोक म्हणायला लागले की माणूस हुशार आहे, पण गुपित सांगत नाही.

जायच्या दिवशी दत्तराव स्टेशनवर आले. दोन्ही बॅगा त्यांनीच उचलल्या आणि हमालाशी उगाच भांडले. मुलीशी मात्र बोलले नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजाला धरून ते दहा पावलं चालले आणि म्हणाले, "थंडी लय असती म्हनं तिकडं." धम्मशीलानं मान हलवली. या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता. गाडी पुढं गेल्यावर दत्तरावांना डोळे पुसायला चष्मा काढावा लागला, आणि मग बराच वेळ त्यांना काही दिसलं नाही.

पहिला पगार झाल्यावर तिचा फोन आला. दत्तरावांनीच उचलला. तब्येत विचारली, जेवण विचारलं, पाऊस विचारला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पगार किती पडला?"

"ते सांगता येत न्हाई, बाबा," पलीकडून धम्मशीला अगदी शांतपणे म्हणाली. "बँकेचा नियम हाय."

"बापाला सांगायचं न्हाई असा कुठं नियम असतो व्हय? काय नंबर हाय त्या बँकेचा? दे इकडं. म्या बोलतो."

"तुमच्याशी बोलनार न्हाईत ते."

दत्तरावांनी रागानं फोन चांगुणाबाईंच्या हातात कोंबला आणि दुसरीकडं तोंड करून उभे राहिले. चांगुणाबाईंनी फोन कानाला लावला. बरं म्हणाल्या, मग पुन्हा बरं म्हणाल्या, मग डोळे मोठे करून एकदा "आगं बया" म्हणाल्या, आणि हसत हसत फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. दत्तराव त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले.

"किती म्हनली?"

चांगुणाबाईंनी भाकरीचं पीठ परातीत घेतलं.

"मला बी नियम हाय," त्या म्हणाल्या.