अत्तरातले बोंबील

गोराईच्या कोळीवाड्यात सगुणाच्या नाकाचा भारी दरारा! होडी अजून खाडीत डुलत असायची नि ही ओट्यावरून सांगायची, "आज बांगडा नाय, नुसता जवळा हाय!" टोपली उतरली की जवळाच निघायचा. बोरिवलीच्या बाजारात तिच्या सुक्या बोंबलांना गिऱ्हाईक रांग लावायचं. म्हणून थोरली सून समीक्षा माडीवरची खोली पाहुण्यांना भाड्यानं देऊ लागली तेव्हा सगुणानं छाती ठोकून सांगितलं, "येऊ दे कोण येतो तो! माझ्या घरात कुठला वास राहील नि कुठला जाईल, ते मी ठरवते!"

आणि नंदकिशोर आला.

पार्ल्याचा अत्तराचा व्यापारी. गोराईला हवा खायला आला आणि गोराईची सगळी हवा यानंच खाऊन टाकली! सकाळी गुलाब, दुपारी खस, संध्याकाळी दोन्ही. तो जिन्यावरून उतरला की वाटायचं, लग्नाची वरात आणि मयत एकाच गल्लीतून चाललेत. घरातली मांजर सारखी शिंकायला लागली आणि शेवटी शेजाऱ्यांकडे राहायला गेली.

"अहो, जरा कमी लावा ना!" समीक्षा म्हणाली.

"मावशी, काही लावलंच नाहीये आज!" तो सगुणाकडे बघून हसला. "हा कालचाच आहे!"

शेवटी एका सकाळी तो गेला. वास मात्र राहिला. आणि नेमकं त्याच दुपारी वेसाव्याच्या कोळीवाड्यातून कमल यायची होती! सगुणाच्या धाकट्याला, दिपेशला, कमलची मुलगी कल्पिता आवडली होती. बोलणी पक्की करायला मायलेकी येणार, आणि रात्री त्याच खोलीत झोपणार.

"आये, काय तरी कर गं!" दिपेश रडकुंडीला आला. "कमलमावशीची जीभ तुला माहीत नाय!"

"तिला माझी माहीत नाय!" सगुणा म्हणाली, पण मनातल्या मनात हिशेब मांडला. कोळणीच्या घरात अत्तराचा घमघमाट म्हणजे काय? मासळी शिळी आहे, वास दाबायला शिंपडलंय! वेसाव्याची बाई दुसरं काय म्हणणार? लग्न तर मोडेलच, धंद्याचंही नाव जाईल.

सगुणानं पदर खोचला. खिडक्या उघडल्या, पंखा सोडला. वास हलेना. कांदे कापून कोपऱ्याकोपऱ्यात ठेवले. डोळ्यांना धारा लागल्या, वास जागच्या जागी. कडुलिंबाची धुरी केली, तर धूरच गुलाबाचा यायला लागला!

"आता बघतेच!" सगुणा गरजली. सणासुदीला राखून ठेवलेली सुक्या बोंबलांची माळ तिनं काढली, कपाटाच्या खुंटीला टांगली आणि दार घट्ट लावून घेतलं. तिच्या बोंबलांपुढे भल्याभल्यांनी नाकाला रुमाल लावले होते, हे अत्तर किस झाड की पत्ती!

तासाभरानं तिनं दार उघडलं. नाक वर करून हुंगलं. काही नाही! पुन्हा हुंगलं. काहीच नाही!

"गेला मेला वास!" ती खालीही ऐकू जाईल अशी ओरडली.

वास गेला नव्हता. नाक गेलं होतं. सकाळपासून त्या खोलीत राबून ते पार बधिर झालेलं! घरातल्या बाकीच्यांचीही तीच गत, म्हणून कुणाला पत्ताच नाही. त्यात सगुणानं सकाळीच सुनेला बजावलेलं, "विहीणबायला माझे राखलेले बोंबीलच करायचे!" आज्ञाधारक समीक्षानं खोलीतली माळ उतरवली आणि बटाटा घालून झणझणीत कालवण केलं.

पानं वाढली. तळलेलं पापलेट होतंच, पण मान बोंबलांचा. कमलनं पहिला घास घेतला आणि चावायची थांबली.

"काय गो सगुणा, यात काय घातलंस?"

"मीठमसाला! दुसरं काय घालतात वेसाव्याला?"

"वेसाव्याला गुलाब नाय घालत!"

"गुलाब?" सगुणाचा आवाज चढला. "माझ्या बोंबलांना नावं ठेवतेस? अख्खी बोरिवली खाते माझे बोंबील!"

"कशाला खाते? देवाला वाहत असतील!"

दिपेशनं डोकं धरलं. कल्पितानं पदराआड हसू दाबलं. कमल ताट सरकवून उठली. "शिळ्याला अत्तर लावून वाढतेस काय गो? ऊठ कल्पिता!"

सगुणानं अख्खा बोंबील नाकाला लावला. जोरात हुंगला. "कुठाय वास? दाखव!"

इतक्यात दारात नंदकिशोर उभा. "मावशी, माझी गुलाबाची मोठी बाटली कपाटावर राहिली का हो?" मग त्यानं हवेत नाक फिरवलं, थेट कमलच्या ताटापाशी आला आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! हीच ती!"

समीक्षा धावत वर गेली. कपाटावर बाटली आडवी पडलेली, बूच सैल, आणि थेंबाथेंबानं सगळं अत्तर खाली खुंटीवर उतरलेलं. बोंबलांची माळ टांगलेली नेमकी त्याच खुंटीला!

तिनं रिकामी बाटली खाली आणून सगळ्यांना दाखवली. सगुणानं हातातला बोंबील ताटात ठेवला. ती पुटपुटली, "मासळी ताजीच हाय गो. नाकच मेलंय माझं. काय म्हणजे काय येत नाय."

"काहीच नाय?" कमलनं डोळे बारीक केले. "करपलेलं पण नाय?"

"कायपण नाय."

कमल खाली बसली. ताट परत पुढे ओढलं. "मग तारीख काढा! आमची कल्पिता रोज काय ना काय करपवते. अशी सासू अख्ख्या मुंबईत शोधून मिळायची नाय!"

लग्न थाटात झालं. नाक काय, चार दिवसांत ठिकाणावर आलेलं. आता रोज सकाळी स्वयंपाकघरातून कधी कांदा, कधी भाकरी, कधी दोन्ही करपल्याचा वास येतो. सगुणा ओट्यावर दात-ओठ खात बसते.

"आई, काय वास येतोय का हो?" कल्पिता आतून विचारते.

"नाय गो बाय," सगुणा खाडीकडे तोंड करून म्हणते. "काय म्हणजे काय येत नाय!"