किती नको म्हणजे नको?

आमच्या गल्लीत एक माणूस लोकांचे नकार मोजतो. वहीत, नावनिशीवार. लग्नाबिग्नाचे नव्हेत, साध्या चहाचे.

म्हणजे असं, की तुम्ही त्याच्या घरी गेलात. तो म्हणणार, “च्या घेता?” तुम्ही रीतीप्रमाणं “नको” म्हणणार. तो पुन्हा विचारणार, तुम्ही “नको हो, आत्ताच झाला” म्हणणार. तिसऱ्यांदा विचारल्यावर तुम्ही “बरं, अर्धा द्या” म्हणणार. मग तो तुमच्या हातात भरलेला कप देणार, चष्मा कपाळावरून नाकावर घेणार आणि वहीत तुमच्या नावापुढं ‘दोन’ लिहिणार.

माझा आकडा साडेतीन निघाला. मी भांडले. हा अर्धा कुठून आणला म्हटलं.

“वहिनी,” तो शांतपणे म्हणाला, “तिसऱ्या नकोनंतर तुमचा हात बशीकडं निघतो, पन तोंड नको म्हणूनच ऱ्हातं. त्याचा अर्धा धरला.”

हे आमचे शेजारी गफूरभाई. नांदेडात जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लोहा-अर्धापूरकडच्या शेतकऱ्यांच्या विहिरींवरच्या किती मोटारी त्यांच्या हाताखालून गेल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. सत्तरी ओलांडली, बीबी देवाघरी गेली, दुकान बंद केलं. पण बोटांना तांब्याच्या तारेची सवय. रिकामे बसले की धोतराचं सूत असो की माझ्या पिशवीचा बंद, काहीतरी गुंडाळत बसतात.

आणि तोंडात एकच शब्द, ‘खुल्लं’. “आपलं सगळं खुल्लं हाय, वहिनी. छुपाछुपी न्हाई.” घराचं दार खुल्लं. डाळ-मटणाच्या दालच्याची रीत खुल्ली, कुणीही विचारावी. साखरेच्या तपासणीचा कागद तर दारालाच आतून चिकटवलेला. आल्यागेल्यानं वाचावा आणि सल्ला द्यावा. गल्लीतला एकही माणूस असा नाही, ज्यानं गफूरभाईंना कारल्याचा रस सुचवला नाही.

हे खुल्लेपण कुठून आलं? तर रोबोतून.

गेल्या वर्षी गफूरभाई न्हाणीघरात घसरून पडले. तासभर तसेच. मी विळी परत आणायला गेले म्हणून कळलं. पुण्याहून त्यांची एकुलती एक लेक रुखसाना धावत आली. ती तिथं कॉलेजात शिकवते. (बापलेक आपसांत दखनीत बोलतात, मी तुम्हाला मराठीत सांगते.) ती म्हणाली, “अब्बा, आमच्याकडं राहायला चला.” गफूरभाई म्हणाले, “नको.” ती म्हणाली, “मग एकटं कसं राहणार? कुणीतरी बाई ठेवू.” तर हे म्हणाले, “मानूस न्हाई. मी यंत्र बनवतो.”

आम्हाला वाटलं, डोक्याला मार लागला.

पण रुखसाना त्यांचीच लेक. तिनं अट घातली. “बनवा. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस येऊन तपासणार. गोळ्या वेळेवर दिल्या, तुम्ही पडलात तर मला फोन लावला, तरच तुम्ही इथं एकटे. नाहीतर मी ठरवीन ते.”

झालं. गफूरभाईंनी मोबाईलवर कुठून कुठून शोधून काढलं, की घरकाम करणारा माणसाच्या आकाराचा रोबो कसा बांधायचा, त्याचे नकाशे जगातल्या लोकांनी खुले ठेवलेत. त्याचं डोकं चालवणारं सॉफ्टवेअरही खुलं. कुणीही घ्यावं, वाचावं, आपल्या सोयीनं बदलावं, आणि बदल चांगला जमला तर परत सगळ्यांना द्यावा. मला ते विरजणासारखं वाटलं. आज माझं दही बिघडलं तर मी तुमच्याकडून दह्याची कवडी आणते, उद्या तुम्ही माझ्याकडून. मूळ विरजण कुणाचं, कुणाला माहीत! मी हे बोलून दाखवलं, तर गफूरभाई माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मीच इंजिनियर. “वहिनी, तुमी कालेजात जायाला पायजे होतं.” मी माहेरी जळकोटात सातवीपर्यंत शिकले. पण त्यांचं म्हणणं मी खोडलं नाही.

एका कॉलेजातल्या थ्रीडी छपाईच्या यंत्रावर प्लास्टिकचे हातपाय छापून आणले. मोटारी घरच्या. उंची माझ्या खांद्याएवढी, अंगात गफूरभाईंचा जुना कामाचा ॲप्रन. नाव ‘जनाब’. त्याला अरेतुरे नाही. “जनाब, जरा सरका.” “जनाब, तुमचा हात उलटा बसला, माफ करा.” आमच्या ह्यांना मी उभ्या आयुष्यात इतक्या अदबीनं बोलले नाही.

जनाबला पकड शिकवायची होती, म्हणून अर्धापूरची केळी आणली. जोर जास्त झाला की केळं चेचतं, कमी झाला की पडतं. आठवडाभर सगळी गल्ली शिकरण खात होती.

आवाजाची वेगळीच तऱ्हा. जनाबच्या तयार आवाजातलं मराठी म्हणजे रेडिओवरच्या बातम्या. “कृपया औषध घ्यावे.” गफूरभाई दचकायचे. “असं बोलल्यावर मला वाटतंय कुनीतरी गेलं.” मग त्यांनी माझा आवाज भरून घेतला. चार दुपारी बसून मी चाळीस वाक्यं बोलले. ‘गोळी घ्या की वो’, ‘एवढंसंच तर हाय’, ‘ओल्यात पाय नका ठेवू’. आता नाव जनाब आणि आवाज माझा. माझी सून म्हणते, “आई, मला दोन्ही घरांतून सासू ऐकू येते.”

एका रविवारी गफूरभाईंनी गल्लीतल्या सात जणांना जनाबच्या हातचा चहा प्यायला बोलावलं. जनाब थर्मास आणि कपांचा ट्रे घेऊन डुलत आला. पहिल्या खुर्चीत निवृत्त मास्तर. “च्या घेता?” जनाबनं माझ्या आवाजात विचारलं. मास्तर सवयीनं म्हणाले, “नको नको.” जनाब म्हणाला, “बरं,” आणि पुढच्या खुर्चीकडं वळला. तिथंही नको. बरं. सातही जणांचं नको ऐकून जनाब ट्रेसकट स्वयंपाकघरात परत गेला.

सात माणसं, सात कोरडी तोंडं.

“गफूर,” मास्तर उठत म्हणाले, “बोलावून अपमान करायचा होता तर तसं सांगायचं. बायकोनं घरी टाकला होता चहा.”

दोष कोडमध्ये होता. ज्या कुणी परदेशातल्या सज्जनांनी ते लिहिलं, त्यांच्या गावात नको म्हणजे नको असतं. गफूरभाई त्या दिवशीपासून वही घेऊन बसले, कुणाचे किती नको वरवरचे हे शोधायला. मास्तरांचे दोन. माझा आकडा तुम्हाला सांगितलाच. माझ्या सुनेचा एकही नाही. तिच्या नावापुढं त्यांनी लिहिलं, ‘सरळ मानूस’. मी तो शेरा दोनदा वाचला.

हसू नका. ह्या नकोनं माझं काय केलंय ते मला ठाऊक. लग्न होऊन दोन महिने झाले होते. हे म्हणाले, “हैदराबादला चाललोय, येतेस का?” माझ्या पोटात आनंद मावेना. पण एकदम हो म्हटलं तर सासरचे म्हणतील, पोरगी हुरळली. म्हणून मी खाली बघत म्हणाले, “नको.” हे म्हणाले, “बरं,” आणि गेले. साडी घडी करून उशीखाली ठेवलेली, ती तशीच. येताना ह्यांनी बांगड्या आणल्या. मी दोन महिने घातल्या नाहीत. ह्यांना वाटलं माप चुकलं, बिचारे बदलायला परत हैदराबादला निघाले, तेव्हाही विचारलं, “येतेस का?” आणि त्या जळकोटच्या दीडशहाणीनं पुन्हा सांगितलं, नको! आज ती पोरगी भेटली तर मी तिला दोन ठेवून देईन.

तर गफूरभाईंनी जनाबला तीनदा विचारायला शिकवलं आणि तो बदल जगाकडं पाठवला. उलट उत्तर आलं. कुणा परदेशी बाईनं लिहिलं, की माणसाचा नकार न ऐकणारं यंत्र घरात नको, ते धोक्याचं आहे. गफूरभाई दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “बाईचं बरोबर हाय.” मग बसून नीट वाटणी केली. चहा, जेवण, मुक्काम ह्याला तीनदा विचारायचं. अंगाला हात लावणं, उचलणं, दार लावणं, इथं पहिला नको शेवटचा. हे त्या बाईला पटलं. तिनं बदल मंजूर केला. इराणकडच्या एकानं तर लिहिलं, आमच्याकडं तीनदा पुरत नाही, आकडा वाढवता येईल का? गफूरभाईंनी त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. मी नको म्हणाले. साडेतीनदा.

मग उन्हाळा आला आणि रुखसाना आली.

पहिल्याच तासाला जनाबनं तिला चहा विचारला. तिनं चहा खरंच सोडलाय. ती तीनदा नको म्हणाली. “मर्जी तुमची,” जनाब माझ्या आवाजात म्हणाला. रुखसाना हसता हसता खाली बसली. गोळ्या वेळेवर. पाण्याचा पेला न सांडता. पडण्याची परीक्षा तिसऱ्या दिवशी. गफूरभाई चटईवर आडवे झाले, “आय्यो” म्हणाले, आणि दुसऱ्या खोलीत रुखसानाचा फोन वाजला. ती धावत आली तर उन्हाच्या गुंगीनं अब्बा खरेच झोपलेले.

“अब्बा, पास!” तिनं त्यांना हलवून उठवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “वर्षभर मला नीट झोप नव्हती. आता मी निश्चिंत. तुम्ही खुशाल तुमच्या घरात राहा.”

“मी म्हनलो नव्हतो?” गफूरभाई म्हणाले. पण हसले नाहीत.

दुपारी मी ताक घेऊन गेले तर ते मागच्या पडवीत बसलेले. एक चांगली भरलेली मोटार पुढ्यात घेऊन तिची तार उलगडत होते.

“ही जळली का?”

“न्हाई.”

“मग?”

गफूरभाई तार उलगडत राहिले.

“लेक खूश झाली,” मी म्हणाले.

“हाव.”

“तुमच्या मनासारखं झालं. राहा आता इथंच.”

“हाव.” मग तारेकडं बघतच म्हणाले, “विचारली होती तिनं. पुन्याला चला म्हनून.”

“माहीत आहे की. तुम्ही नको म्हणालात.”

“हाव,” गफूरभाई म्हणाले. “एकदा विचारली.”

मी ताकाचा तांब्या ठेवला आणि घरी आले. खरं सांगते, दुपारभर मी काही बोलले नाही, आणि त्यात माझा स्वार्थ होता. हा माणूस गेला तर मी ताक कुणाकडं नेऊ? माझ्याशी एवढं भांडायचं कुणी? आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. शेजारच्या दारातून ‘वहिनी’ अशी हाक आली की मला दिवस उगवल्यासारखा वाटतो. गप्प बसायचं एवढंच तर काम होतं. त्यात तर मी लग्नापासून तरबेज.

संध्याकाळी रुखसाना आमच्या ओट्यावर मेथी निवडू लागली.

“बाई गं, तू अब्बांना किती वेळा विचारलंस?”

“काय, काकू?”

“तुझ्याकडं चला म्हणून.”

“एकदा. ते नको म्हणाले.”

“आणि तू ऐकलंस?”

“मग काय करू? त्यांच्या मनाचा मान नको ठेवायला?”

“बापाला लेकीच्या घरी राहा म्हटल्यावर पहिला नको म्हणावाच लागतो,” मी म्हणाले. “तो त्याचा नसतो, चार लोकांचा असतो. त्याचा स्वतःचा काय आहे, ते तू अजून ऐकलंच नाहीस.”

तिच्या हातातली काडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिची निघायची दुपार. जेवायला मलाही बोलावलेलं. जनाब कोपऱ्यात चार्जिंगला उभा. दालच्याचं पहिलं वाढणं झालं आणि रुखसाना म्हणाली, “अब्बा, माझ्याबरोबर चला.”

गफूरभाईंचा घास हातातच थांबला. “नको गं. जनाब पास झाला ना?”

“झाला. तरी चला.”

“नको. घर लहान तुमचं. जावयाला अडचन.”

रुखसाना थोडी थांबली. मला वाटलं, गेली आता ही गाडी. मी तिला ताटाआडून पायानं ढोसलं.

“त्यांनीच खोली रिकामी केलीय,” ती हळू म्हणाली. “तुम्ही पडलात तेव्हाच. त्यांची पुस्तकं बाहेर काढली, कॉट टाकली. वर्ष झालं, ती खोली तशीच आहे. तुम्ही नको म्हणालात, म्हणून मी सांगितलं नाही. अब्बा, चला ना.”

गफूरभाई उठले. ताटात भात तसाच. मोरीपाशी गेले, नळ सोडला आणि हात धूत राहिले. आम्हाला नुसती पाठ दिसत होती. एवढे हात त्यांनी मोटारीचं काळं तेल काढतानाही धुतले नसतील.

“तुमच्या तिकडं व्होल्टेज कसं ऱ्हातं गं?” त्यांनी तिकडूनच विचारलं. “वर-खाली होत असंल तर जनाबच्या मोटारी जळतात.”

रुखसानानं पदर तोंडाशी धरलेला. मग मीच आवाज चढवून म्हणाले, “लई चांगलं राहतं हो, गफूरभाई! मी चौकशी केलीय.”

कसली चौकशी! पुणं मी शेवटचं पाहिलं तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते.