काका वर्गणी रद्द करतात

"हा चहा गार व्हायच्या आत रद्द करून दाखवतो!" असं म्हणून काकांनी कपावर बशी झाकली आणि चष्मा पुसायला घेतला.

काकूंनी फक्त त्या बशीकडे पाहिलं.

आता काकांचा हा आत्मविश्वास अगदीच हवेतला नव्हता बरं का! माणसानं उभा जन्म दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लिनर विकले होते. कपाळाला आठ्या घालून दार उघडणारा माणूस थोड्याच वेळात काकांना सोफ्यावर बसवून 'रंग कोणकोणते आहेत' असं विचारू लागायचा. एका नव्या इमारतीत तर त्यांनी वीज यायच्या आधी यंत्रं खपवली होती! साहजिकच 'मला कोणी काही विकू शकत नाही' हे त्यांचं लाडकं वाक्य. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, तरी डॉक्टरांनी ते कसं गळ्यात मारलं याचंच ते घरी येऊन रसभरीत वर्णन करायचे.

त्याच डॉक्टरांनी मध्यंतरी "जरा हालचाल ठेवा" म्हटलं होतं. ते दूर राहणाऱ्या मुलाच्या कानावर गेलं, आणि त्यानं लगेच 'चपळ' नावाच्या व्यायामाच्या अ‍ॅपची वर्गणी वडिलांच्या नावानं भरून टाकली. सोबत एक गोल डबा आला. हा डबा टेबलावर बसून घरातल्यांकडून व्यायाम करून घेणार! कोणी हललं, कोणी मोठा श्वास घेतला, की तो ओरडायचा, "शाब्बास! अजून दहा! पोट आत!"

काकांनी थोडे दिवस हातपाय हलवले आणि कंटाळा केला. डब्यानं मात्र कंटाळा केला नाही.

पंचाईत अशी, की काकू घरी गाणं शिकवायच्या, आणि तेही त्याच खोलीत. टाळीवर ठेका सुरू झाला की डब्याला वाटायचं, आली मंडळी व्यायामाला! शिकायला येणाऱ्या बँकेतल्या एक मॅडम अंगानं चांगल्या भरलेल्या. त्या बिचाऱ्या डोळे मिटून सूर लांबवत होत्या, तेवढ्यात डबा गरजला, "पोट आत! पोट आत!" मॅडमनी डोळे उघडले, पर्स उचलली, आणि त्या जिना उतरून गेल्या त्या आजतागायत परत आलेल्या नाहीत.

तरी तेही एकवेळ चाललं असतं. पण येत्या रविवारी घरीच क्लासचा छोटा कार्यक्रम होता, आणि तो ऐकायला थोरल्या बाई येणार होत्या. थोरल्या बाई म्हणजे काकूंच्या गुरू. वय झालं होतं, पण कान तेवढे तिखट. पुढच्या रांगेत कोणी खोकलं म्हणून भर कार्यक्रमातून त्या दोनदा उठून गेल्या होत्या. काकू त्यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकल्या, पण कौतुकाचा एक शब्द कधी कानी पडला नाही. गाणं चांगलं झालं की बाई म्हणायच्या, "पुढे." वाईट झालं की, "पुन्हा." बस्स! काकूंच्या डोक्याचे केस पांढरे झाले, पण त्या एका शब्दाची आस काही सुटली नव्हती.

"बाईंसमोर त्या डबड्यानं तोंड उघडलं ना," काकू म्हणाल्या, "तर मी सरळ बहिणीकडे निघून जाईन. मग तुम्ही बसा दोघं पोट आत घेऊन!"

तुम्ही म्हणाल, डबा बंद करून कपाटात का नाही टाकला? टाकला होता की! बंद करायचं बटण त्याला नव्हतं, आणि वायर काढली तरी पोटातल्या बॅटरीवर तो चालायचा, म्हणून काकांनी त्याला दोन रजयांत गुंडाळून कपाटात कोंडलं होतं. डब्यानं गुपचूप मुलाला कळवलं, 'आपले वडील प्रतिसाद देत नाहीत.' मुलानं घाबरून खालच्या मजल्यावरच्या त्याच डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर बॅग घेऊन धापा टाकत वर आले आणि त्यांनी बिस्किट खात बसलेल्या काकांना धरून आडवं केलं. नाडी बघितली, डोळे ताणून बघितले. तिकडे कपाटातून आवाज येत होता, "उठा! तुम्हाला जमेल!"

तेव्हा रीतसर रद्द करण्याखेरीज मार्ग नव्हता.

काकांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि 'रद्द करा' शोधायला लागले. सगळ्याची बटणं होती. रंग बदला होतं, आवाज बदला होतं, मित्रांना सांगा तर तीन ठिकाणी होतं. शेवटी तळाशी मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत सापडलं. ते दाबल्यावर प्रश्न आला, 'खरंच जाताय?' खाली भलंमोठं हिरवं बटण, 'नाही, मला निरोगी राहायचंय!' आणि कोपऱ्यात बारीकसं, 'हो, मला तब्येतीची पर्वा नाही.'

"वा!" काका उद्गारले. "काय बटण केलंय! अगं, हे ज्यानं लिहिलं ना, त्याला आमच्या काळात मी डोक्यावर घेऊन नाचलो असतो!"

"आधी दाबा ते," काकू म्हणाल्या.

काकांनी मन घट्ट करून पर्वा नसल्याचं कबूल केलं. तर पडद्यावर उमटलं, 'कृपया आमच्या ग्राहक सेवेला फोन करा.' चहा केव्हाच गार झाला होता. काकू कप उचलून आत घेऊन गेल्या.

फोन लागला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकवून झाल्यावर एका मुलीचा आवाज आला. "आपण आम्हाला सोडून जात आहात याचं आम्हाला अत्यंत दुःख होत आहे मी आपली काय मदत करू शकते!" तिनं हे सगळं एका दमात वाचून टाकलं.

काकांच्या अंगावर काटा आला. वर्गणी बिर्गणी ते साफ विसरले.

"थांब, थांब! अगं, दुःख असं वाचतात का? दुःख झालं की माणूस क्षणभर गप्प होतो. तू तर बसची पाटी वाचल्यासारखं वाचलंस!"

"सर, मला असंच लिहून दिलंय."

"नवीन आहेस?"

"सोमवारीच लागले, सर."

"तरीच! हे बघ, आधी काही विकायचंच नसतं. आधी पाणी मागायचं."

"पाणी?"

"आम्ही दारात उभं राहून पाणी मागायचो. ज्यानं आपल्याला पेलाभर पाणी दिलं, त्याला आपल्या तोंडावर दार लावायला जड जातं. गिऱ्हाइकाला आधी आपल्यासाठी काहीतरी बारीकसं करू द्यावं. कळलं? आणि सर काय सर? माझ्या आवाजावरून तुला काका वाटत नाही का मी?"

"वाटता, काका."

"हां! आता कसं आपलं माणूस बोलल्यासारखं वाटलं!"

असा तो वर्ग चांगला रंगला. बऱ्याच वेळानं काकांनी तृप्त चेहऱ्यानं फोन ठेवला.

"झालं रद्द?" काकूंनी विचारलं.

"काय?" काका म्हणाले, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. नेमकी तीच मुलगी!

"काका! बरं झालं तुमचाच फोन आला. माझा कॉम्प्युटर अडकलाय हो. माझ्यासाठी एक मिनिट थांबाल?"

"थांबतो की! सावकाश होऊ दे," काका म्हणाले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, पाणी मागितलं! पोरीनं माझ्याकडे पाणी मागितलं!"

"मग द्या ना! कोण आलंय?" आतून आवाज आला.

एका दिवसात उचललं होतं पोरीनं! काकांचा ऊर भरून आला. त्या भरात ते ऐकत राहिले, वा वा करत राहिले. मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही आळशी नाही. तुम्हाला सोबत नव्हती." ही नस इतकी बरोबर पकडली होती की काकांना नाही म्हणवेना. फोन ठेवला तेव्हा वर्गणी रद्द झाली नव्हती, पण त्यात काकूंचं नाव घातलं गेलं होतं, आणि जोडीदाराचा म्हणून एक जादा डबा फुकट निघाला होता.

तो डबा लगोलग आला. वायर लावल्याबरोबर त्यानं सगळ्या विद्यार्थिनींच्या देखत काकूंचं वय आणि वजन खणखणीत आवाजात जाहीर केलं.

"माझं वजन कोणी सांगितलं त्याला?"

"मी आपलं... अंदाजानं..."

"अंदाजानं? इतका?"

त्या रात्री काकांनी आपलं पान आपणच वाढून घेतलं.

शनिवारी काकू फोनजवळ खुर्ची ओढून बसल्या. काकांनी एकच वाक्य पाठ केलं होतं. फोन लागताच त्यांनी ते डोळे मिटून म्हटलं, "रद्द कर!"

पलीकडून हळूच उत्तर आलं, "करते, काका. एकच सांगू? आज आणखी एक माणूस सोडून गेला, तर सोमवारपासून येऊ नको म्हणालेत मला." एवढं बोलून ती गप्प झाली. अगदी गप्प!

काकांनी हताशपणे काकूंकडे पाहिलं. "खरं असेल तर पोरीची नोकरी जाईल," ते कुजबुजले. "आणि खोटं असेल तर... अगं, तर काय तयार झालीय!"

काकूंनी फोन हिसकावून घेतला. "हे बघ मुली, मी काही हे नव्हे. माझ्याशी गोड बोलू नकोस. रद्द कर म्हणजे कर."

"हो काकू, लगेच..."

"थांब!" काकूंच्या भुवया वर गेल्या. "पुन्हा बोल."

"काय बोलू, काकू?"

"काहीही. तू घशातून बोलतेस! दिवसभरात आवाज बसत नाही तुझा?"

"बसतो ना. घरी गेल्यावर आईशीसुद्धा बोलवत नाही."

झालं! काकूंनी पदर खोचला. श्वास कुठून घ्यायचा, जबडा सैल कसा सोडायचा, सगळं सुरू झालं. पलीकडून 'हंऽऽ' असा लांब सूर यायला लागला. काका येरझाऱ्या घालत होते, मधूनच खुणा करत होते, पण तिकडे लक्ष कोण देतो? एकदाचं काकूंचं समाधान झालं. मग ज्या आवाजाला त्यांच्या विद्यार्थिनी चळचळा कापत त्या आवाजात त्या म्हणाल्या, "आता रद्द कर." आणि मुलीनं केलं!

"पण तुझ्या नोकरीचं काय गं?" काकूंना राहवलं नाही.

"ते होय? ते मी काकांवर करून बघत होते. जमलं का विचारा ना त्यांना."

काकूंनी तो निरोप काकांना दिला. काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "जमलं म्हणावं! सांग तिला, जमलं!"

फोनवर संदेश आला, 'आपली वर्गणी रद्द झाली आहे.' काकूंनी स्वतःहून काकांना चहा करून दिला.

रविवारी सकाळी दोन्ही डबे एका सुरात ओरडले, "सुप्रभात! उठा!"

काकांनी घाईघाईनं कालचा संदेश पुन्हा उघडला. खाली मुंगीच्या अक्षरांत आणखी एक ओळ होती, 'चालू महिना संपेपर्यंत सेवेचा आनंद घेत राहा!' ग्राहक सेवेला रविवारी सुट्टी होती.

काकू पांढऱ्याफटक पडल्या. पण काका डगमगले नाहीत. कार्यक्रमाच्या वेळी त्यांनी दोन्ही डबे उचलले आणि गच्ची गाठली. डब्यांनी मुलाला काही कळवू नये म्हणून या माणसानं त्या वयात, त्या उन्हात, खरोखर उठाबशा काढल्या! बायकोसाठी असं कोण करतं हो? खाली एकेक विद्यार्थिनी गात होती, वर काका घामानं निथळत होते. पहिला डबा खूश होता. दुसरा मात्र म्हणाला, "आपली जोडीदार दिसत नाही. मुलाला कळवू का?"

आता मुलाला कळवलं म्हणजे डॉक्टर आले, आणि डॉक्टर आले म्हणजे भर मैफलीत बॅग आली. काका पहिल्याला वरच ठेवून, जोडीदार दाखवायला तो दुसरा डबा पोटाशी धरून चोरपावलांनी खाली आले आणि दाराशी मागच्या सतरंजीवर बसले. डब्यावर उपरणं टाकलं. समोर काकू गात होत्या.

आणि काय गात होत्या! काकांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसे, पण त्यांचा हात उपरण्यावर तसाच राहिला. शेवटचा सूर हवेत विरला. कोणी हललं नाही. थोरल्या बाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, ओठ उघडले...

"शाब्बास!" काकांच्या मांडीतून आवाज आला. "शाब्बास! फारच सुंदर श्वास!"

काकांना वाटलं, आता जमीन दुभंगावी. थोरल्या बाई सावकाश मागे वळल्या. "कोण बोललं?"

काका उठून उभे राहिले. त्यांनी उपरणं बाजूला केलं. "हा... हा बोलला."

बाईंनी डब्याला बराच वेळ न्याहाळलं. "मीच म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "याला कसली एवढी घाई झाली होती?"

काकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही डबे ओल्या फडक्यानं पुसले आणि कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "अहो, ते रद्द केलेलं रद्द करता येतं का बघा ना."

काकांनी फोन लावला.

"येतं, काका," मुलगी म्हणाली. आवाज कसा मोकळा, भरदार लागला होता! "पण कारण भरावं लागतं. 'ऑफर आवडली' लिहू, की 'प्रतिनिधीनं समजावलं'?"

काकांनी क्षणभर विचार केला. इतके जिने चढले, इतक्या घंट्या वाजवल्या, इतक्या घरचं पाणी प्यायले, पण असं गिऱ्हाईक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"लिही," ते म्हणाले, "गिऱ्हाईक आपल्या पायानं आलं."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"काका," ती हळूच म्हणाली, "असा पर्यायच नाहीये हो."