तेहतीस अनारसे आणि एक सहल

सासऱ्यांच्या ओसरीवर चहाची बशी खाली ठेवून ज्ञानदेवानं खिशातून कागद काढला, तेव्हा घरातल्या सर्वांना वाटलं, जावयानं मागण्यांची यादी आणली. सासूबाई सारजाबाई दाराआडून चार पावलं पुढं आल्या. सासरे हौसराव सावरून बसले.

"मामा, उद्या वढूला जाऊन यावं म्हणतो," ज्ञानदेव म्हणाला. "संभाजी महाराजांच्या समाधीला. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत."

कागदावर खरोखरच तेवढं होतं. मांडवगणहून सुटणारी मुक्कामी एसटी ५.५५, न्हावरे, तळेगाव, शिक्रापूर, पुढं कोरेगाव आणि तिथून वढूपर्यंत पायी. समोर पेन्सिलीनं वेळा. ज्ञानदेव दौंड स्टेशनवर बुकिंग क्लार्क होता. आठ वर्षं त्यानं खिडकीतून लोकांना मद्रासची, मनमाडची, वाराणसीची तिकिटं दिली होती आणि स्वतः लग्न किंवा मयत असल्याशिवाय कुठंही गेला नव्हता. शेजारच्या खिडकीवरचा सावळाराम त्याला रोज म्हणे, "ज्ञानबा, तू म्हणजे हलवाई. आयुष्य मिठाईत, आणि तोंडाला चव नाही." म्हणून सत्याहत्तर सालच्या अधिक श्रावणात, धोंड्याच्या महिन्याचं सासुरवाडीचं बोलावणं आलं, तेव्हा त्यानं पाच दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं, की यातला एक दिवस आपला. जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही, अशा जागी जायचं, गप्प उभं राहायचं आणि परत यायचं.

"उद्या?" हौसराव म्हणाले. "उद्या दुपारचं पोपटरावाकडं हाय. सांजचं मळ्यातल्या आप्पांकडं."

भावकीत अकरा घरं होती. पाच दिवसांची दहा जेवणं दहा घरांनी वाटून घेतली होती. अकरावं घर न्याहारीवर बसवलं होतं, आणि त्या घरानं त्यावरून अबोला धरला होता.

"एखादं जेवण पुढं ढकललं तर?"

सारजाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"जावयबापू," हौसराव हळू आवाजात म्हणाले, "धोंड्याला आलेला जावई जेवणाच्या टायमाला गावाभाईर दिसला, तर गाव काय म्हणंल? म्हणंल, हौसरावाच्या घरात पीठ न्हाई."

ज्ञानदेवानं कागद घडी करून ठेवला. पण बेत मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो उठला. आदल्या संध्याकाळी चांदीच्या ताटात ठेवून मिळालेले तेहतीस अनारसे, अंगठी, कोरं धोतर आणि भरजरी काठाचा फेटा त्यानं तसेच ठेवले. आपली विजार घातली, पिशवी घेतली आणि बायकोला सांगितलं.

"अहो, दुपारला पोपटकाकांकडं..." म्हाळसा अंथरुणातूनच म्हणाली.

"तू सांग, पोट बिघडलंय."

"पोट बिघडल्यावर कुणी यष्टीनं जातंय व्हय?"

एसटी वेळेवर होती. कंडक्टर होता संपत, पोपटरावांचा थोरला. ज्ञानदेवाला पाहून त्याचा हात तिकिटाच्या पेटीवर तसाच थांबला.

"दाजी? येकटं? आन् पिशवी घेऊन?"

"एक कोरेगाव दे."

"हौसरावकाकांना ठाव हाय?"

"तिकीट दे रे."

"काकांना इचारल्याबिगार तुमास्नी तिकीट देऊ? मला गावात ऱ्हायाचंय दाजी."

आठ वर्षांत ज्ञानदेवानं कुणाला तिकीट नाकारलं नव्हतं. एका माणसाला त्यानं बकरीसकट दिलं होतं. त्यानं पैसे पुढं केले, तोवर संपतनं दोरी ओढली, ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगितलं आणि एसटी वळून थेट हौसरावांच्या दारात येऊन उभी राहिली. वर हॉर्न. आत तीस-पस्तीस प्रवासी होते. त्यातली दोन म्हातारी माणसं खिडकीतून म्हणाली, "जावई रुसून निघालं व्हतं वाटतं."

ज्ञानदेवाला उतरवून एसटी पुढं गेली, ती ही बातमी घेऊन. नऊच्या सुमारास रुसण्याचं कारण ठरलं, अनारसे वातड निघाले. दहा वाजता ते बदललं, अंगठी हलकी निघाली. दुपारी पोपटराव स्वतः धावत आले, कारण त्यांच्या आळीत कळलं होतं, की जावयाला पोपटरावाच्या घरी जेवायचंच नाही.

"पाव्हणं, काय चुकलं आमचं?" ते हात जोडून म्हणाले.

"काही नाही हो, काका. मला फक्त वढू बघायचंय."

"त्ये बघू की. त्याला काय पाय फुटत्यात? आधी सांगा, चुकलं काय?"

पोपटरावांनी पुरणाचे धोंडे दुप्पट केले. ते खाऊन ज्ञानदेव घरी आला, तर सासरे डबी घेऊन बसले होते. आत नवं मनगटी घड्याळ.

"अंगठीचं मनावर घिऊ नका," हौसराव म्हणाले.

"मामा, अंगठी चांगलीय. मला घड्याळ नको. वढू."

"घड्याळ घ्या. मग वढू."

घड्याळ घेतलं नसतं, तर संध्याकाळपर्यंत रेडिओ आला असता, हे ज्ञानदेवाला कळत होतं. त्यानं घड्याळ घेतलं. हौसरावांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं मग. मी स्वतः नेतो. जावयाची हौस ऱ्हायली, असं मांडवगणात कुणी म्हणणार न्हाई."

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. सतरा माणसं, दुपारच्या पाळीच्या घरचे डेगभर धोंडे आणि वरच्या बाजूला गादीवर, फेटा बांधलेला ज्ञानदेव. कागदावरच्या वेळेपेक्षा दोन तास उशीर होता. पण ट्रॅक्टर निघाला तरी होता, आणि ज्ञानदेवानं मनातल्या मनात हौसरावांना सगळं माफ केलं.

न्हावऱ्यात सारजाबाईंची बहीण राहत होती. "गावावरनं जावई जाणार आन् उंबरा न चढता?" असं म्हणून तिनं ट्रॅक्टरच्या पुढं पाट मांडला. खरोखर रस्त्यात. पुढं एका वस्तीवर म्हाळसाची आत्या होती. तिथं कुणालाच पाहुणे येणार हे ठाऊक नव्हतं, म्हणून आधी चूल पेटेपर्यंत थांबावं लागलं. त्याच्या पुढं हौसरावांचे व्याही, म्हणजे सुनेचं माहेर. व्याह्यांना वाईट वाटू नये म्हणून ज्ञानदेवानं तूप घेतलं, आणि व्याहीणबाईंना वाईट वाटू नये म्हणून आणखी घेतलं. ट्रॅक्टर तळेगावला पोचला, तेव्हा नव्या घड्याळात चार वाजले होते.

"आता थोडंच राहिलंय, मामा," ज्ञानदेव म्हणाला. फेटा एका कानावर आला होता.

हौसरावांनी सूर्याकडं पाहिलं. "जावयबापू, सांजचं जेवण सोपानआबांकडं हाय. आबा थांबल्यात. ऐंशी वर्सांचा माणूस."

ट्रॅक्टर वळला. परतताना तीच तिन्ही घरं लागली, फक्त उलट क्रमानं.

शुक्रवारी ज्ञानदेवाच्या पोटानं साफ नकार दिला. यावेळी खरोखर. तो घोंगडीवर पालथा पडून होता आणि बाहेर पुन्हा ट्रॅक्टर धडधडत होता, कारण हौसरावांनीही आता हट्ट धरला होता. रात्रीच त्यांनी वाटेवरच्या तिन्ही घरांना निरोप धाडला होता, की येताना थांबू, जाताना अडवू नका. हा निरोप पहिल्याच दिवशी धाडता आला असता, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"गादीवर निजून चला," हौसराव आत येऊन म्हणाले.

"नको, मामा."

"मग ऱ्हाऊ द्या समदं. सांगतो त्यास्नी."

पण ट्रॉलीत एकतीस माणसं बसली होती. अबोला धरलेलं अकरावं घरही आलं होतं, पुढच्या फळीवर जागा धरून. सोपानआबांना उचलून वर ठेवलं होतं. खाली कसं आणायचं, यावर मतभेद होते.

"तुम्ही जाऊन या," ज्ञानदेव म्हणाला. "जाच. म्हाळसा, तू पण जा."

"तुमाला येकटं टाकून?"

"एकट्यालाच टाक."

सारजाबाईंनी ताकभात झाकून ठेवला, तीनदा दारातून वळून पाहिलं, आणि ट्रॅक्टरचा आवाज वेशीबाहेर विरला. घर शांत झालं. बऱ्याच वेळानं ज्ञानदेवाच्या लक्षात आलं, की मघापासून आपल्याला कुणी 'घ्या की' म्हटलेलं नाही.

दहाच्या सुमारास पोट थोडं निवळलं. त्यानं दोन घास ताकभात खाल्ला, आपली जुनी विजार चढवली, फेटा, अंगठी, घड्याळ फडताळात ठेवलं, डोक्याला पंचा गुंडाळला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. भावकीतलं जे कुणी त्याला अडवू शकलं असतं, ते सगळं ट्रॉलीत होतं. तो थेट भीमेवर आला.

पूर ओसरून चार दिवस झाले होते, नाव सुरू होती. नावाडी पलीकडच्या काठचा. त्यानं ज्ञानदेवाकडं पाहिलं, म्हणजे पायांकडं पाहिलं.

"चिखुल धुऊन बसा," तो म्हणाला.

बस्स. कोण, कुठले, कुणाचे, काही नाही. ज्ञानदेवानं पाय धुतले आणि बसला. नदी गढूळ, रुंद होती. पलीकडं उतरला, तो दौंड तालुका. म्हणजे रजा काढून माणूस आपल्याच तालुक्यात परत आला होता. पण ते त्याला तेव्हा सुचलं नाही. एका बाभळीखाली तो टेकला. थोड्या वेळानं एक बाई शेरडं घेऊन आली.

"जरा सरका की वो. वाटंत बसलाय."

तो सरकला. बाई निघून गेली. शेवटच्या शेरडानंही वळून पाहिलं नाही.

दुपारी नावाडी त्याच बाभळीखाली आला. त्यानं फडकं सोडलं. भाकरी, खर्डा, कांदा. ज्ञानदेव मागं सरकला. आता हा 'घ्या की' म्हणणार. नावाड्यानं कांदा बुक्कीनं फोडला, पहिला घास तोंडात टाकला आणि म्हणाला, "भाकर येकच हाय पाव्हणं. तवा इचारत न्हाई."

ज्ञानदेवाला गहिवरून आलं. "नका विचारू," तो म्हणाला. "अजिबात विचारू नका."

नावाड्यानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि भाकरी घेऊन जरा लांब सरकून बसला.

उन्हं कलेपर्यंत ज्ञानदेव तिथंच होता. पाणी पाहिलं, तीन बगळे पाहिले, एकदा डुलकी काढली. मग शेवटच्या नावेनं अलीकडं आला, पाय धुतले आणि घोंगडीवर पहिल्यासारखा पालथा पडला.

दिवेलागणीला ट्रॉली आली. सगळे एकदम बोलत होते. समाधीवर फुलं वाहिली, सोपानआबा ढसाढसा रडले, अकराव्या घरानं अबोला तिथंच सोडला. हौसराव मात्र उंबऱ्यातच थबकले. ताकभाताचं भांडं जवळजवळ भरलेलं होतं.

"जावई घरात उपाशी, आन् आमी वढू बघून आलो," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "जावयबापू, फुडच्या धोंड्याला पैलं वढू. मग जेवान. शबूद हाय हौसरावाचा."

"पुढचा धोंडा तीन वर्षांनी," म्हाळसा म्हणाली.

"चालेल," ज्ञानदेव म्हणाला. त्याचा चेहरा इतका तृप्त होता, की सारजाबाईंनी सुनेला हळूच सांगितलं, जावयाला ताकभात मानवला.

रविवारी तो खिडकीवर बसला. सावळाराम तारखेचा शिक्का बदलत होता.

"काय ज्ञानबा, पाहिलंस का काही?"

"पाहिलं की. भीमा नदी."

सावळारामचा हात थांबला. "भीमा? अरे, ती तर आपल्या दौंडलाच आहे. इथून दहा मिनिटांवर."

"हो," ज्ञानदेव म्हणाला. "पण इथं लोक मला ओळखतात."

आणि त्यानं खिडकीची फळी वर केली. बाहेर रांगेत पहिलाच उभा होता संपत, रजेवर, डब्यात आईनं दाजींसाठी दिलेले धोंडे घेऊन.