सगळ्यात वरची कुंडी

आकारामने फक्त एक व्हिडिओ बघितला होता. तोही जेवताना, लेकीच्या मोबाइलवर. स्पेनमधल्या कोर्दोबा नावाच्या शहरात मे महिन्यात लोक आपल्या अंगणाची दारं उघडी टाकतात, भिंती कुंड्यांनी भरतात आणि ओळख ना पाळख, कुणीही येऊन फुलं बघून जातं. आकारामचा घास हातातच राहिला. (भाकरी वाळली, ते वेगळंच.)

कारण होतं त्याची आई. चिमणाबाई पन्हाळ्याच्या पायथ्याचं घर बंद करून कोल्हापुरात त्याच्याकडे आल्या होत्या. पण आल्यापासून खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून. गल्लीत कुणाची ओळख नाही. रोज एकच म्हणणं, "मला गावाकडं सोड." गावात तर आता म्हातारीला तांब्याभर पाणी द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. शेवटी आकारामने मुदत मागून घेतली. फुलं होऊ देत. तरीही करमलं नाही, तर तो स्वतः एसटीने सोडून येईल. फुलं बघायला लोक आले की आईला माणसं भेटतील, एवढीच त्याची आशा.

अंगणाची भिंत निळी झाली. (आकारामही झाला.) रंगाचे, तेलाचे रिकामे डबे टांगून त्यांत मोगरा, अबोली, गुलाब लागले. व्हिडिओत तसंच होतं म्हणून त्याने वरच्या कुंड्यांसाठी वेळूच्या काठीला डबा बांधला. निम्मं पाणी कुंडीत जाई, निम्मं त्याच्या बाहीत. सगळ्यात वरच्या लाल गुलाबावर त्याचा विशेष जीव. बाकीची रोपं दुपारी माना टाकत, हा गुलाब मात्र भर उन्हातही ताठ. "हातगुण असतो एकेकाचा," तो बायकोला सांगे. अनुजा भाकरी थापता थापता नुसतं "व्हय" म्हणे.

रविवारी दार उघडलं. पहिल्या आल्या समोरच्या बायडाबाई, त्यांच्यामागे मेहमुदाभाभी. आकाराम प्रत्येक फुलाची माहिती सांगू लागला, तोवर त्या निघाल्याही. तेवढ्यात आतली खाट करकरली.

चिमणाबाई दारात उभ्या होत्या. "दारात आलेली बाई रिकाम्या डोक्यानं जाती व्हय?"

त्यांनी मोगऱ्याच्या कळ्या खुडल्या, मधे अबोली घातली, पायरीवर बसून गजरा गुंफला आणि बायडाबाईंच्या अंबाड्यात माळला. मग मेहमुदाभाभींच्या वेणीत. बातमी गल्लीभर झाली. बायका आल्या, त्यांच्या सुना आल्या, पलीकडच्या गल्लीतल्याही आल्या. ही फुलं नुसती बघायची असतात, असं आकाराम जीव तोडून सांगत होता. चिमणाबाईंनी त्यालाच दोऱ्याचं रीळ धरून बसवलं.

उन्हं उतरल्यावर गल्लीच्या तालमीचे अध्यक्ष विजयसिंह आले. आवडलं तर पुढच्या साली अख्ख्या गल्लीत असंच करू, असं त्यांनी कबूल केलं होतं. त्यांनी डबे बघितले, निळी भिंत बघितली आणि फुलं कुठं आहेत ते विचारलं.

"गल्लीतनं फिराय गेल्यात," चिमणाबाई म्हणाल्या.

आकारामचं तोंड उतरलं. मग त्याची नजर वर गेली. गुलाब होता! त्याने छाती फुगवून आपल्या हातगुणाची सगळी कथा सांगितली. विजयसिंह स्टुलावर चढले, वास घेतला आणि नाक चोळत खाली उतरले.

"आरं, ते प्लास्टिकचं हाय," चिमणाबाई म्हणाल्या. "म्हणून तर कुणाला दिलं न्हाय."

अनुजाने पदर तोंडाला लावला. खरं रोप पहिल्याच आठवड्यात जळलं होतं. नवऱ्याचं तोंड बघवेना, म्हणून तिनेच बाजारातून दुसरं आणून खोचलं होतं.

सगळे गेल्यावर आकारामने सवयीने कुंड्यांना पाणी घातलं आणि उघड्या भिंतीकडे बघत हळूच विचारलं, "मग गावाकडं कधी सोडू?"

"आत्ता कसं जमंल? बायडाबाईची सून उद्या गजरा शिकाय येणार हाय." चिमणाबाईंनी त्याची ओली बाही पिळली. "आन् मोगऱ्याला आता मी पाणी घालीन. तू आपला गुलाबालाच घाल. त्यो काय मरायचा न्हाय."