दोर वर, बायको वर

कप्तानानं बोट विकायला काढली हे गल्लीत कळलं, तेव्हा सगळ्यांनी आधी त्याच्या बायकोचं अभिनंदन केलं. "जिंकलात हो वहिनी अखेर!" म्हणत शेजारणीनं तिचा हातच दाबला. बायकोनंही मान ताठ करून ते स्वीकारलं. अकरा वर्षं ती एकच वाक्य म्हणत आली होती, "या संसारात एक तर ती राहील, नाही तर मी." आणि अकरा वर्षं कप्तान छातीवर हात ठेवून सांगत आला होता, "जीव गेला तरी बोट विकणार नाही!"

खरी गोष्ट निराळीच होती, आणि ती फक्त कप्तानाला ठाऊक होती. ती बोट जावी असं या जगात सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल, तर त्यालाच.

तसा तो काही खराखुरा कप्तान नव्हे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू फिरवले, त्याचा सूड म्हणून त्यानं एकदम मोठ्ठी वस्तू घेतली: दोन माणसं झोपतील एवढी केबिन असलेली, वयानं त्याच्याहून थोरली, शिडाची बोट. पहिल्या वर्षी कप्तानाची टोपी घेतली. दुसऱ्या वर्षी कळलं, की गळकी टाकी आणि जुनी बोट यांत फरक एवढाच, टाकी बाहेर गळते आणि बोट आत. वरचं लाकूड घासून वार्निश लावावं, तर बुडाला शिंपले चिकटलेले. शिंपले खरवडावेत, तर पाणी उपसायचा पंप बंद. पंप खोलून जोडेपर्यंत वरचं वार्निश उडून गेलेलं. अकरा वर्षांत बोट पाण्यावर कमी आणि किनाऱ्यावर, ठोकळ्यांवरच जास्त बसली. बाहेर न्यायची ती वर्षाकाठी दोनदा, तीही इंजिनावर, समोरच्या दीपगृहापर्यंत.

कप्तानाचे गुडघे आता आवाज करायला लागले होते आणि कंबर तर ओरडायचीच. पण "मला झेपत नाही" हे म्हणायचं कोणत्या तोंडानं? सगळ्या गल्लीसमोर जिवाची भाषा करून बसलेला माणूस! म्हणून त्यानं डोकं लढवलं. बायकोला थोडं जास्त चिडवायचं, तिनं निर्वाणीचं सांगायचं, आणि आपण जड अंतःकरणानं मान तुकवायची. बोटही जाईल, अब्रूही राहील. मग एके दिवशी त्यानं तेलकट पंप स्वयंपाकघरात, तिच्या सगळ्यात लाडक्या पातेल्यात बुडवून धुतला. तिनं निर्वाणीचं त्याच संध्याकाळी सांगितलं.

गिऱ्हाईक मिळालं ते दातांचे डॉक्टर. रविवारी सकाळी ते धक्क्यावर हजर झाले. कप्तान चेहरा पाडून उभा होता. तो ऐनवेळी कच खाईल म्हणून बायको पहाऱ्याला आली होती. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे कप्तानाचा मेहुणा, घरी बसून काय करू म्हणून आला होता.

डॉक्टरांनी खिशातून छोटा आरसा काढला, बोटीच्या कानाकोपऱ्यात धरला आणि एकेका फळीवर टकटक केली. "इथं दुखतं का" असं विचारतायत की काय, असं वाटत होतं. शेवटी ते सरळ झाले. "थोडी झीज आहे. पण मुळं घट्ट आहेत. आता एकदा शीड चढवून दाखवा, की सौदा पक्का."

कप्तानाच्या मनात बँड वाजायला लागला. वरून त्यानं एक सुस्कारा सोडला, "ठीक आहे. शेवटचंच म्हणायचं आता," आणि आनंदाच्या भरात दोर ओढायला लागला. दोर इतका झरझर आला की तो स्वतःच चकित झाला.

"बघा डॉक्टर, लोण्यासारखा येतोय!"

"अहो," बायको म्हणाली, "ते शीड पारदर्शक आहे का?"

सगळ्यांनी वर पाहिलं. शीड खालीच, आपल्या जागी घडी घालून निवांत पडलेलं. हा दोर डोलकाठीच्या टोकावरच्या कप्पीतून जातो. एक टोक आपल्या हातात असतं, दुसऱ्या टोकाची कडी शिडाच्या कोपऱ्यात अडकवायची असते. कप्तान ती अडकवायलाच विसरला होता. कडी एकटीच वर गेली, 'खट्' करून कप्पीला टेकली आणि तीन मजल्यांच्या उंचीवरून ऊन खात बसली.

"आता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही, कुणीतरी वर जायचं आणि खाली घेऊन यायचं," कप्तान म्हणाला, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहायला लागला. कप्तानाला चढवायचं तर डोलकाठीच खाली आली असती. मेहुणा स्टुलावर चढतानासुद्धा डोळे मिटायचा. गिऱ्हाइकाला कसं चढवणार?

"सरा बाजूला," बायकोनं खांद्यावरची पिशवी घट्ट केली. "आज ही बला टळणार असेल तर मी ढगातसुद्धा जाईन. कुठं बसायचं?"

बसायला एक फळी होती, झोपाळ्यासारखी. ती पुढच्या शिडाच्या दोराला बांधायची, आणि खाली डेकवरचा लोखंडी रहाट फिरवून माणूस वर न्यायचं. "अरे, ताईला फळीशी बांधायला चांगला जाड दोर आण," कप्तानानं मेहुण्याला फर्मावलं. मेहुण्यानं लगेच आणला. "शाब्बास! आणखी एक आण, दोन फेरे असलेले बरे." मेहुण्यानं तोही आणला. कुठून आणला, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

रहाट कुरकुरला. कप्तान आणि डॉक्टर घामाघूम होऊन फिरवत होते, बायको एकेक हात वर सरकत होती.

"ताई, घाबरू नकोस, खाली बघू नको!" मेहुणा ओरडला. त्याचे स्वतःचे डोळे मिटलेले होते.

"मी बघतेय की! मजा वाटतेय. आपल्या घराचं छप्पर दिसतंय. अहो, कौल फुटलंय एक, तुम्ही म्हणालात बदललं म्हणून!"

"अगं, कडी सापडली का?"

"सापडली. पण काय हो, हा धक्का कुठं निघाला?"

"धक्का कसा निघेल? वेडी की काय तू!"

"मग आपण निघालोय."

कप्तानानं मान वळवली. धक्का खरंच मागं चालला होता, आणि ओहोटी बोटीला हातानं धरून न्यावं तशी समुद्राकडे नेत होती. त्याची नजर बायकोच्या कमरेच्या दोन जाड दोरांवर गेली. मग मेहुण्यावर.

"हे दोर कुठून सोडलेस रे?"

"इथूनच, भाऊजी. एक पुढं होता, एक मागं. बोट आणि धक्का यांच्यामध्ये नुसते लोंबकळत होते. कुणाच्या कामाचे वाटले नाहीत."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं, पण वेळ नव्हता. कप्तान इंजिनाकडे धावला आणि तिथंच थबकला. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून त्यानं इंधनाची गाळणी काढून स्वच्छ केली होती. ती घरी खिडकीत वाळत होती.

"नांगर टाका!" डॉक्टर ओरडले.

नांगरही कालच रंगवला होता. तो धक्क्यावर वाळत ठेवलेला लांबूनसुद्धा झकास चमकत होता.

"निदान बाईंना तरी खाली घ्या!"

रहाट उलटा फिरवला. तो फिरेना. दोराचा एक वेढा दुसऱ्यावर चढून असा करकचून बसला होता, की भांडणाऱ्या दोन जावांना सोडवणं त्याहून सोपं. कप्तान ओढतोय, मेहुणा ढकलतोय, डॉक्टर आरसा घालून आत बघतायत.

"अहो, खाली काय खेळ मांडलाय?" वरून आवाज आला. "समोर पाणी पिवळं दिसतंय!"

पिवळं पाणी म्हणजे वाळूचा दांडा. तिथं बोट रुतली की ओहोटीत आडवी होणार, आणि डोलकाठी आडवी झाली म्हणजे तिच्या टोकावरची बायको... सौदा, अब्रू, गुडघे, सगळं तो क्षणात विसरला.

"अगं, ती कडी खाली सोड! शीड चढवतो!"

"ती नुसती सोडून येत नाही, हलकी आहे. थांबा, पिशवी अडकवते."

त्या पिशवीत काय असतं हे लग्नाला पस्तीस वर्षं होऊनही कप्तानाला कळलं नव्हतं. पण नांगराच्या वजनाची होती. सरसर खाली आली आणि मेहुण्याच्या पायाशी धप्पकन आदळली. कप्तानानं कडी शिडात अडकवली, दोनदा तपासली, आणि तिघांनी दोर ओढला. शीड फडफडत वर गेलं, वाऱ्यानं भरलं, आणि अकरा वर्षं ठोकळ्यांवर बसून कंटाळलेली म्हातारी कमरेवर हात ठेवून एकदम उठावी तशी बोट कलली आणि धावायला लागली.

वर बायको गेली एकीकडून दुसरीकडे, पाण्यावरून हवेत, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की कप्तानानं घाबरून वर पाहिलं. मग कळलं, ती हसतेय.

"उजवीकडे घ्या, उजवीकडे! इथं काळं पाणी आहे, खोल! आता सरळ! डॉक्टर, तुम्ही मधून हला! आणि तू, डोळे उघड आधी!"

वरून तिला प्रत्येक रंगाचं पाणी दिसत होतं, आणि पस्तीस वर्षांत कप्तानानं तिचा शब्द इतक्या तातडीनं कधी ऐकला नव्हता. बोट दांड्याच्या एका हातावरून निसटून गेली, तिच्या हुकमानं वळली आणि फेस उडवत परत धक्क्याला आली. तोवर तिथं अर्धं गाव जमलं होतं. मेहुण्यानं डोळे उघडे ठेवून दोर फेकला, लोकांनी झेलला, आणि टाळ्या पडल्या. कप्तानानं घड्याळांचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून रहाटात अडकलेला दोर धाग्या-धाग्यानं मोकळा केला, आणि बायको हळूच खाली उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल.

डॉक्टर तर नखशिखांत भिजूनही उड्या मारत होते. "घेतली! आत्ताच घेतली! अहो, बोट आहे का वाघीण!"

कप्तानाला आनंदानं ओरडावंसं वाटलं. त्यानं तो आनंद कसाबसा गिळला, खाली बघितलं आणि ठरलेलं वाक्य टाकलं, "माझं काही नाही डॉक्टर. तिची इच्छा. ती म्हणेल तसं."

"मी काय म्हणणार?" बायको म्हणाली. "विकायची नाही."

"काय?"

"अहो, अकरा वर्षं तुम्ही जीव टाकत होता हिच्यावर, आणि मी आंधळी. मला काय माहीत, ही अशी पळते! हिला ठोकळ्यांवर बसवून ठेवायचं म्हणजे पाप आहे. आता दर रविवारी बाहेर काढायची. मी वर बसणार. आणि पुढच्या महिन्यात चांगले पंधरा दिवस घेऊन त्या पलीकडच्या बेटांकडे जाऊ. त्याआधी सगळं लाकूड घासून घ्या, आणि बोट कलली तेव्हा बुडाचे शिंपले मी वरून मोजलेत."

कप्तानानं तोंड उघडलं. खरं बोलायची हीच ती वेळ होती. पुन्हा कधी येणार नव्हती. पण धक्क्यावर गल्ली उभी होती, आणि बायको त्याच्याकडे असं बघत होती, जसं तिनं लग्नातही बघितलं नव्हतं. तोंड उघडंच राहिलं. डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बघा," बायको गहिवरून लोकांना म्हणाली, "आनंदानं शब्द फुटत नाहीये माणसाला."

डॉक्टरांनी मोठ्या मनानं त्याचे दोन्ही हात हातात घेतले. मेहुण्यानं पाठीवर हात फिरवला. शेजारीण पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "असं प्रेम हवं बाई बोटीवर," आणि सगळ्यांनी कप्तानाला पोटभर रडू दिलं.