कुंदाताईंचा मुक्काम

कुंदाताईंच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ कित्येक वर्षं बंद आहे. त्यांचं त्यावाचून काही अडत नाही, कारण त्या वेळ गावांमध्ये मोजतात. "दाळ शिजायला किती वेळ लागेल?" असं विचारलं तर म्हणतात, "राऊ." म्हणजे इंदूरच्या आमच्या कॉलनीतून गाडीने राऊला पोचायला लागतो तेवढा. नळाला पाणी 'हातोदपर्यंत' असतं. गीझर दुरुस्त करणारा माणूस एकदा "आत्ता येतो" म्हणून गेला, तर ताई दारात उभ्या राहून साऱ्या गल्लीला सांगत होत्या, "अरे भिया, भोपाळ झालं, तरी याचा पत्ता नाही!" आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्या जेवायला आल्या आणि जाताना माझ्या कानात म्हणाल्या, "श्रीखंड झकास. फक्त तुझ्या सासऱ्यांचं भाषण जरा उज्जैन झालं."

मी राऊच्याच एका कॉलेजात शिकवते. म्हणजे ताईंच्या हिशेबाने मी रोज एक वरण शिजेपर्यंत कामावर पोचते.

आम्ही या कॉलनीत राहायला आलो त्याला तीन वर्षं झाली. ताई त्याआधीपासूनच्या. वय अडुसष्ट, सरकारी कचेरीतून कारकुनी करून निवृत्त झालेल्या. मिस्टर खूप दिवस आजारी होते आणि मग गेले, एवढंच मला ठाऊक होतं. मिस्टर गेल्यावर दोन महिन्यांत ताई गाडी चालवायला शिकल्या आणि एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. तेव्हापासून त्या घरात टिकत नाहीत. चहा उभ्याने पितात. भाजी निवडताना अंगणात फेऱ्या मारतात. कुणी "बसा ना" म्हणालं की उत्तर तयार असतं, "बसून काय होतं?" महिन्यातून एकदा तरी व्हॅनमध्ये गादी, पाण्याची कळशी आणि एक कापडी पिशवी टाकून त्या निघतात. धार, झाबुआ, मंदसोर, खंडवा, कुठेही. आणि लॉजमध्ये म्हणून कधी उतरत नाहीत. अनोळखी लोकांच्या घरी राहतात.

"ओळख नसताना लोक घरात कसे घेतात?" मी एकदा विचारलं होतं.

"अगं, ओळख नसते म्हणूनच घेतात. ओळखीचे घेतात का? माझा चुलतभाऊ देवासला आहे, तो मला पाहून दिवा मालवतो."

या जानेवारीत त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी महिनाभर गाडी चालवायची नाही अशी ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी ताई काळा चष्मा लावून आमच्या दारात हजर. त्या चष्म्यात त्या निवृत्त दरोडेखोरासारख्या दिसत होत्या.

"मृदुला, महिना म्हणजे किती गं?"

"तीस दिवस, ताई."

"ते नको सांगू. महिना म्हणजे रामेश्वरला पायी जाऊन पायी परत. मी मरून जाईन. तुला संक्रांतीनंतर सुट्टी आहे ना? गाडी तुला येते. चल. मुलताईला तापीचा उगम पाहून येऊ."

माझ्या नवऱ्याने वर्तमानपत्र खाली न घेता म्हटलं, "जा. नाहीतर त्या मला नेतील."

आणि आम्ही निघालो. बैतूलच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना गहू पोटरीला आला होता. ताई शेजारी बसून मला घाई करत होत्या. ट्रकमागे दोन मिनिटं राहिलं तरी त्यांचा पाय खाली जोरात दाबला जायचा, जणू त्यांच्याही बाजूला अॅक्सिलेटर होता. थांबायचं नाही, रेंगाळायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. कन्नोदच्या अलीकडे मी चहासाठी गाडी बाजूला घेतली, तर त्या कप हातात धरून पुन्हा गाडीत जाऊन बसल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "भैयाजी, कप परतताना देते."

कन्नोदच्या पुढे एका वस्तीवर ताईंची मुक्काम शोधण्याची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. ऊन उतरायला लागलं की त्या एखाद्या घरासमोर गाडी थांबवायला सांगत. खाली उतरून, गुडघा धरून, आवाज जरा बारीक करत. "बाई, थोडा गरम पानी मिल जाएगा? गुडघे में बहुत दरद है." त्यांचं हिंदी चांगलं आहे, पण अशा वेळी त्या मुद्दाम त्यात एखादा मराठी शब्द घालत. समोरची बाई हसायची. पाणी यायचं, मागोमाग चहा यायचा. चहा झाला की ताई स्वयंपाकघरात आणि मी खाटेवर संकोचून बसलेली.

गुडघा धडधाकट आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी त्यांना आमच्या गच्चीच्या जिन्यावरून धावत उतरताना पाहिलंय.

त्या पहिल्या घरी चुलीवरच्या भाकरी, लसणाची चटणी असं सुरेख जेवण झालं. सकाळी सहाला ताईंनी मला उठवलं. "चल, आवर. निघायचं." मी घाईघाईने आवरलं, पिशव्या गाडीत टाकल्या, आणि ताई गायब! घरातली सूनही गायब. दीड तासाने ताई आतल्या खोलीतून पदराला हात पुशीत आल्या. "चल, चल, उशीर झाला!"

"कुठे होता तुम्ही?"

"आत होते. गप्पा मारत."

मी मनात म्हटलं, म्हातारी मला घाई करते आणि स्वतः गप्पा मारते.

दुसऱ्या दिवशी आमचं भांडण झालं. नेमावरचा नर्मदेवरचा पूल ओलांडून, हरदा मागे टाकून आम्ही पुढे गेलो होतो. एका गावात मोठं, नवं घर होतं. फरशी घातलेलं अंगण, गच्ची, दारात ट्रॅक्टर. घरातले सगळेच उत्साही. गरम पाण्याआधीच त्यांनी आम्हाला राहायचा आग्रह केला. घरातल्या मुलीने मला पाहुण्यांची खोली दाखवली. पलंग होता, खोलीला लागून न्हाणीघर होतं, त्यात गरम पाण्याचा नळ होता. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

ताई यजमानीणबाईंशी बोलत होत्या. "घरात आणखी कोण कोण आहे?"

"सगळे हेच, माताजी. सासू-सासरे तीर्थयात्रेला गेलेत. दोघं चालण्यात आम्हाला हरवतात."

"वा वा," ताई म्हणाल्या, चहा संपवला, नमस्कार केला आणि माझा दंड धरला. "इथे नको."

"का?"

"चल तर खरी."

गाडीत बसल्यावर मी भडकले. "ताई, एवढं चांगलं घर! लोक इतक्या प्रेमाने ठेवून घेत होते. काय कमी होतं तिथे?"

"काही कमी नव्हतं."

"मग?"

"मग तेच तर."

"हे बघा, मला कोड्यात बोलू नका. मी ड्रायव्हर म्हणून आले नाहीये. उद्या बैतूल आलं की गाडी तिथेच ठेवते आणि मी बसने इंदूरला जाते."

काळ्या चष्म्याआड ताईंचे डोळे दिसत नव्हते. खिडकीच्या काचेवर त्यांची बोटं मात्र सारखी टकटक करत होती.

चिचोलीच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत एक पत्र्याचं घर होतं. तिथे मी गाडी रागानेच थांबवली, की घ्या, हे घ्या. दारात तिशीतली एक बाई तांदूळ निवडत होती. तिचं नाव सगुना. नवरा पीथमपूरला कारखान्यात कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. ताईंनी गरम पाणी मागितलं आणि विचारलं, "घर में और कौन कौन?"

सगुनाने मान आतल्या खोलीकडे वळवली. "सास है. चार साल से खाट पे."

ताईंनी चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "गाडी आत घे, झाडाखाली. आज इथेच."

सकाळी मी उठले तेव्हा अंगणात दोघींचा वाद चालला होता. ताई सगुनाला घराबाहेर ढकलत होत्या, अगदी हाताने.

"जा तू. मैं हूं ना."

"पर माताजी, कहां जाऊं?"

"कहीं भी. मर्जी हो वहां."

"अम्मा को कुछ लगा तो?"

"मुझे ग्यारह साल का अनुभव है. सरकारी नोकरी से जादा पक्का. जा!"

सगुना चार पावलं गेली, वळली. ताईंनी हातानेच "पुढे हो" अशी खूण केली. पुन्हा चार पावलं गेली, पुन्हा वळली. शेवटी ताईंनी दार लावून घेतलं.

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मृदुला, आता उठलीच आहेस तर हात लाव."

कापडी पिशवीतून त्यांनी मेणकापड काढलं, जुन्या मऊ साडीचे तुकडे, खोबरेल तेल, पावडरीचा डबा, नखं कापायची कात्री. खाटेवरची म्हातारी पापडासारखी हलकी होती. तिची एक बाजू गेलेली, बोलणं कळत नव्हतं. ताईंनी तिला कुशीवर कसं वळवायचं ते मला दाखवलं. खांद्याखाली एक हात, कमरेखाली एक, आणि आधी सांगायचं. "नेहमी आधी बोलायचं. न बोलता हात लावला की माणूस घाबरतो." आम्ही तिला गरम पाण्याने पुसून काढलं, पाठीला तेल लावलं, चादर बदलली. दोन दिवस काचेवर टकटक करणारी ताईंची बोटं आता एकेक नख पाहून पाहून कापत होती.

"त्या कन्नोदच्या घरीही?" मी विचारलं.

"सासरे होते तिथे. बिचारे फार सभ्य. सारखे माफी मागत होते."

"मला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं असतंस, कुंदाताई समाजसेवा करते म्हणून. मग मला कुणी हसलं नसतं." त्यांनी म्हातारीचा दुसरा हात हातात घेतला. "अगं, हे अकरा वर्षं अंथरुणावर होते. दिवसा शेजारची बाई पैसे घेऊन बसायची, तेव्हा मी कचेरीत. कचेरीतून घरी, घरातून कचेरी. नातेवाईक यायचे, सफरचंदं आणायचे, 'तुमची कमाल आहे हो' म्हणायचे आणि जायचे. कमाल नको होती मला. कुणीतरी म्हणायला हवं होतं, की तू जा जरा बाहेर."

"कुणीच म्हणालं नाही?"

"एक म्हणाली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बाई. एका रविवारी दारावर आली, मी कपडे आणायला आत गेले, ती मागोमाग डोकावली. यांना पाहिलं, मला पाहिलं. टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, 'जा बाई, घूम के आ. मैं बैठी हूं.' नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. घरात चांदीची भांडी, माझ्या बांगड्या. आणि मी चपला घालून निघाले, दार उघडं टाकून."

"कुठे गेलात?"

ताई हसल्या. "तेच तर. कुठे जायचं ते आठवेना. राजवाड्यापर्यंत चालत गेले, तिथे इतकी गर्दी की घाबरले. मग बसस्टँडवर गेले आणि एका उभ्या बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, 'अम्मा, कहां का टिकट?' मी म्हटलं, 'कहीं का नहीं, भैया. बस सुटेपर्यंत बसू दे.' बसू दिलं त्याने. खिडकीतून सगळ्या गाड्यांच्या पाट्या वाचल्या. मग उतरून घरी आले."

"आणि ती बाई?"

"यांना वारा घालत होती आणि टोपलीतल्या एकेका भांड्याचं नाव सांगत होती. हे हसत होते, मृदुला. अर्ध्या तोंडाने, पण हसत होते. मी तिला नऊवारी द्यायला गेले तर घेतली नाही. म्हणाली, 'ये तो कपडे का सौदा नहीं था.' पुन्हा त्या गल्लीत आली नाही. मी खूप वाट पाहिली."

म्हातारीला झोप लागली होती. बाहेर दुपार व्हायला आली तरी सगुनाचा पत्ता नव्हता. मलाच काळजी वाटायला लागली. मी दोनदा दारापर्यंत जाऊन रस्ता पाहून आले. ताई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. "येऊ दे गं तिला सावकाश."

सगुना आली ती पळत. केस विस्कटलेले, पदरात बोरं. आधी सासूच्या खाटेशी गेली, चादरीवरून हात फिरवला, मग आमच्याकडे वळली. बहिणीचं गाव तिथून चालत दोन कोसांवर होतं. वर्षभर भेट नव्हती. "गई थी. बैठी नहीं. दरवाजे से देख के आ गई."

"देख के क्यों आई?" ताई रागावल्या. "बैठना था ना, पगली!"

म्हणून दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा पाठवलं, पोटभर बसून ये अशी ताकीद देऊन. त्या दिवशी म्हातारीला न्हाऊ घालायचं काम मी केलं, ताईंनी फक्त सांगितलं. मुलताई राहिलंच. मी बसने घरी जायचं म्हटलं होतं, त्याची आठवण ना मी काढली, ना त्यांनी.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सगुनाने हरभऱ्याची जुडी गाडीत टाकली. मी व्हॅन सुरू केली, वळवून दारापुढे आणली. ताई आत म्हातारीचा निरोप घ्यायला गेल्या होत्या. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी खाली उतरून डोकावले.

म्हातारीने आपल्या चांगल्या हाताने ताईंचं मनगट धरलं होतं. घट्ट नव्हतं, त्या हातात तेवढं बळच नव्हतं. ताईंनी जरा ओढलं असतं तरी सुटलं असतं. पण त्या खाटेच्या कडेला वाकून तशाच उभ्या होत्या, म्हातारीच्या तोंडाकडे पाहत.

मी परत गेले आणि गाडी बंद केली.